मोडकी टी आणि जमिनीलगतचा ड्राइव्ह: आपला स्विंग वाचायचा कसा

मे महिन्यातल्या एका सकाळी माझ्या भाच्याने गोल्फच्या अकरा टी मोडल्या. टी म्हणजे चेंडू ठेवायला जमिनीत खोचायची छोटी खुंटी. सोलापुरात होटगी रोडला ओळखीच्यांचा एक मोकळा प्लॉट आहे, तिथे आम्ही जाळी बांधून सराव करतो. बारावी टी हातात धरून तो म्हणाला, "मामा, माझा स्विंगच बिघडलाय ओ. एक टी राहीना." स्विंग म्हणजे क्लब, म्हणजे गोल्फची काठी, फिरवण्याची तऱ्हा.

मी त्याला सगळे तुकडे गोळा करायला लावले आणि कट्ट्यावर ओळीने मांडले. अकराही टी एकाच जागी मोडल्या होत्या, जमिनीच्या रेषेवर. पण नऊ टींवर ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) घासल्याची खूण होती ती वरच्या वाटीच्या साधारण एक सेंटिमीटर खाली. खूण तिथेच हवी. म्हणजे नऊ फटके चांगले होते आणि टी मोडत होती ती उन्हाने दगड झालेल्या मुरमामुळे. उरलेल्या दोन टी मात्र खरंच काहीतरी सांगत होत्या.

गोल्फ नव्याने शिकणाऱ्यांच्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलेलं असतं: टी मोडली म्हणजे चुकलं, टी शाबूत राहिली म्हणजे जमलं. हे समीकरण आधी काढून टाका. टी हा एकटा साक्षीदार आहे आणि एकट्या साक्षीदारावर निकाल द्यायचा नसतो. टीवरचा ओरखडा, क्लबच्या फेसवरची (चेंडूला लागणाऱ्या तोंडावरची) खूण आणि चेंडूची वाट या तिन्हींची साक्ष जुळली, की स्विंगमध्ये काय घडतंय ते घरबसल्या कळतं. ते कसं जुळवायचं ते क्रमाने सांगतो. सगळं उजव्या हाताच्या खेळाडूसाठी लिहिलंय. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट धरावं.

आधी जमीन ओळखा

सोलापूरची जमीन वर्षभरात तीन रूपं दाखवते. उन्हाळ्यात मुरूम दगडासारखा होतो आणि काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा पडतात. पावसाळ्यात तीच काळी माती बुटाला किलोभर चिकटते. पाऊस थांबून जमीन वाफशावर आली, की टी बोटाने हलकेच आत जाते आणि फटक्यानंतर अख्खी उडून बाजूला पडते. एकच माणूस, एकच स्विंग. मे महिन्यात दहातल्या आठ टी मोडतील आणि सप्टेंबरात एखादी.

कारण साधं आहे. घट्ट जमीन टीचा खालचा भाग शिकंज्यासारखा धरून ठेवते. क्लबचा धक्का वर बसतो, पण सगळा ताण येतो तो टी जमिनीतून बाहेर येते त्या जागी, आणि लाकूड तिथेच मोडतं. शेतातला रोवलेला खांब जोराच्या धक्क्याने जमिनीलगत मोडतो, तसंच हे. म्हणून टी *कुठे मोडली* याला घट्ट जमिनीत फारसा अर्थ नाही. तिच्यावर *कुठे घासलं* याला अर्थ आहे. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ही ठेवा.

उन्हाळ्यात सराव करायचाच असेल, तर टी जोर लावून खुपसू नका, तळहाताला टोचते आणि तिथेच मोडते. जुन्या स्क्रू ड्रायव्हरने किंवा लांब खिळ्याने आधी भोक पाडा, त्यात घोटभर पाणी ओता, चार-पाच मिनिटं थांबा, मग टी बसवा. टी बसवायच्या जागेची जमीन अशी ठाकठीक करायला गोल्फचे नियम आडवे येत नाहीत. टीच वापरली पाहिजे असंही नाही, वाळूचा लहानसा ढीग करून त्यावर चेंडू ठेवलेला चालतो. पूर्वी सगळे तसंच करायचे. ओली वाळू ठेवलेली पेटी जवळ असायची आणि हाताने ढीग रचायचा. बोस्टनचे दंतवैद्य डॉ. जॉर्ज फ्रँकलिन ग्रँट यांनी १८९९ मध्ये लाकडी टीचं पेटंट घेतलं, पण ती घरोघरी पोचली १९२० च्या दशकात, विल्यम लोवेल या दुसऱ्या एका दंतवैद्यामुळे. दोन्ही वेळा दाताच्या डॉक्टरलाच वाळू चिवडण्याचा कंटाळा यावा, याचं मला अजून नवल वाटतं.

टीची उंची ठरवा आणि मग ती हलवू नका

उंची रोज बदलत असेल, तर पुढची कुठलीच खूण वाचता येणार नाही. ड्रायव्हर चेंडूमागे जमिनीवर टेकवा. चेंडूचा अर्धा भाग क्लबच्या वरच्या कडेच्या वर दिसला पाहिजे. चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असतो, म्हणजे वर दिसणारा भाग साधारण २१ मिलिमीटर. माझ्या ड्रायव्हरवर हे जुळायला चेंडूचा तळ जमिनीपासून सुमारे ३७ मिलिमीटर वर लागतो. ७० मिलिमीटरची टी घेतली, तर निम्मी आत आणि निम्मी बाहेर. नियमाने टी ४ इंच, म्हणजे १०१.६ मिलिमीटरपर्यंत लांब चालते, पण कडक जमिनीत एवढी लांब टी घेऊन उपयोग नाही, आत जातच नाही.

आपल्या क्लबला जुळणारी उंची एकदा सापडली, की पाच-सहा टींवर त्या जागी नेलपॉलिशची रेघ मारून ठेवा. रेघ जमिनीला टेकली की उंची बरोबर. आणि प्रत्येक टीच्या मागच्या बाजूला, म्हणजे क्लब जिकडून येतो तिकडे, पेनाने एक उभी रेघ ओढा. टी उडाली, मोडली, कुठेही पडली, तरी ओरखडा कोणत्या बाजूचा हे नंतर कळतं.

या कामासाठी रंगीत लाकडी टी घ्या. प्लास्टिकची वाकते आणि खूण धरत नाही, बांबूची चिवट असते. रंगीत लाकडी टी मोडते हे खरं, पण आपल्याला सध्या तिची साक्षच हवी आहे. शिवाय तिचा रंग ड्रायव्हरच्या तळाला लागतो आणि त्या रेघेच्या तिरकेपणावरून क्लब आतून बाहेर चाललाय की बाहेरून आत, तेही दिसतं.

तुकडा हातात घेऊन वाचा

आता थोडं गणित, पण कामाचं. ड्रायव्हरचा फेस मध्यावर साधारण साडेपाच ते सहा सेंटिमीटर उंच असतो. चेंडू फेसच्या बरोबर मध्यावर लागला, तर फेसची खालची धार चेंडूच्या तळापेक्षा सुमारे एक सेंटिमीटर खाली असते. म्हणजे अगदी उत्तम फटक्यातही धार टीला घासणारच, वाटीच्या साधारण एक सेंटिमीटर खाली. टीला धक्का न लावता चेंडू तेवढा उचलून नेणारा फटका चांगला, ही समजूत इथेच संपते.

चेंडू मध्यापेक्षा सव्वा-दीड सेंटिमीटर खाली लागला, तर धार चेंडूच्या तळाच्याही वरून जाते. टीला ती शिवतही नाही. टी जागच्या जागी उभी, रंग अखंड, आणि चेंडू मात्र जमिनीलगत सरपटत गेलेला. नवा खेळाडू शाबूत टी पाहून खूश होतो, आणि नेमका हाच फटका सगळ्यात वाईट असतो.

उलट ओरखडा खूप खाली, वाटीपासून अडीच-तीन सेंटिमीटरवर असेल, तर क्लब जमिनीच्या फार जवळून आलाय. अशा वेळी चेंडू फेसच्या वरच्या कडेला लागतो आणि उंच उडून जवळच पडतो. ड्रायव्हरच्या माथ्यावर पांढरा डाग दिसेल. भाच्याच्या त्या दोन टी अशा होत्या. टीच्या मागे जमीनही खरवडली असेल, तर क्लब आधी जमिनीला लागलाय. मुरमावर हे मनगटाला लगेच कळतं, झिणझिण्या येतात. जमिनीला आपटून क्लब उसळला, तर मात्र चेंडू फेसच्या खालच्या भागाला लागून खालून जातो, आणि टीवरची खूण गोंधळात टाकते. म्हणून टीबरोबर तिच्यामागची वीतभर जमीनही पाहायची सवय लावा.

टी पुढे पडली की मागे, यावरून लोक बरेच निष्कर्ष काढतात. मी काढत नाही. टी तिरकी बसली होती का, जमीन ओली होती का, लाकडाची रेषा कशी होती, या सगळ्यावर ते ठरतं.

फेसला विचारा

चेंडूवर मागच्या बाजूला व्हाइटबोर्ड मार्करने बोटाच्या पेराएवढा ठिपका काढा आणि तो क्लबकडे तोंड करून टीवर ठेवा. फटक्यानंतर तो ठिपका फेसवर उमटलेला दिसतो. जागा पाहून झाली, की पुसून टाका. आपलं सोलापुरी टॉवेल यासाठी उत्तम, खरखरीत आहे आणि घामही टिपतं. चेंडू आणि क्लब एकमेकांना लागून असतात ते सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच वेळ, तेव्हा 'मला मध्यावर लागल्यासारखं वाटलं' यावर विश्वास ठेवू नका. ठिपका खोटं बोलत नाही.

ठिपका खाली का नको? ड्रायव्हरचा फेस वरपासून खालपर्यंत किंचित फुगीर असतो, त्यामुळे खालच्या भागात लॉफ्ट, म्हणजे फेसचा मागे झुकलेला कल, कमी भरतो आणि चेंडू खालून निघतो. त्यातच खाली लागलेल्या चेंडूला उलटी फिरकी जास्त मिळते. म्हणून तो खालून निघतो, मध्येच वर चढल्यासारखा दिसतो आणि दम सुटल्यासारखा खाली पडतो, घरंगळत पुढे जात नाही. वरच्या भागाला लागलेला चेंडू याच्या उलट वागतो, उंच निघतो आणि फिरकी कमी. त्यामुळे मध्याच्या अर्धा सेंटिमीटर वर ठिपका आला, तर अजिबात दुरुस्त करू नका.

जाळीवर उंची कशी कळणार?

मोकळ्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, चेंडू कुठे गेला हे दिसतं. आपल्यापैकी बरेच जण मात्र जाळीत सराव करतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुण्याच्या रेंजवर जातात, त्यामुळे खालचा ड्राइव्ह (ड्रायव्हरचा फटका) कशाला म्हणायचं हेच ठरत नाही. यावर माझा उपाय आहे. चेंडूपासून जाळीचं अंतर टेपने मोजून बरोबर ३ मीटर ठेवा. जाळीला तीन ठिकाणी रंगीत सूत आडवं बांधा: जमिनीपासून ३० सेंटिमीटर, ६० सेंटिमीटर आणि ८५ सेंटिमीटरवर.

१० अंशांनी निघालेला चेंडू ३ मीटरवर साधारण ६० सेंटिमीटर उंचीवर असतो, १५ अंशांचा ८५ वर. यामधला पट्टा आपला. मांडीच्या मध्यापासून कमरेच्या थोडं खालपर्यंत समजा. ३० च्या सुताला लागलेला चेंडू जेमतेम ५ अंशांनी निघालाय, तो खालचा. जाळीत छातीएवढ्या उंचीवर लागला की लोक खूश होतात, पण एवढ्या जवळ तिथे लागणारा चेंडू मैदानावर आभाळात जाऊन पडतो. हे सूत बांधण्याआधी भाचा महिनाभर छातीची उंची गाठायला झटत होता.

जाळी ताणून बांधू नका, थोडी सैल सोडा, नाहीतर चेंडू उलटून अंगावर येतो. बाजूला कुणाला उभं करू नका, लहान मुलांना तर मुळीच नाही.

आता जुळवा

दहा फटके मारा. प्रत्येकाचं वहीत लिहा: टीवरचा ओरखडा, फेसवरचा ठिपका, कितव्या सुताला लागला. एका फटक्यावरून काही ठरवू नका. दहात सहा-सात वेळा जे घडलं, ती तुमची सवय.

चेंडू खाली, टी उभी आणि ठिपका फेसच्या खालच्या भागात: फटका पातळ लागतोय. पहिल्यांदा टी कमी उंचीची नाही ना, ते पाहा. तसं नसेल, तर बहुतेक वेळा फटक्याच्या क्षणी तुम्ही उभे राहता. कंबर चेंडूकडे सरकते, पाठ सरळ होते, हात वर खेचले जातात. दुसरं कारण म्हणजे चेंडू 'उचलायला' जाणं. विटी-दांडू खेळलेल्या हाताला हे फार लवकर होतं. विटी कोलताना आपण दांड्याचं टोक खाली घालून मनगटाने झटका देतो. ड्रायव्हरने चेंडू कोलायचा नसतो. तो टीवर आधीच उचललेला आहे आणि फेसला लॉफ्ट आहे. कोलायला गेलात, की वजन मागच्या पायावर अडकतं, स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू चेंडूच्या फार मागे पडतो आणि चेंडूपाशी येईस्तोवर क्लब वर निघून गेलेला असतो.

चेंडू खाली, पण ओरखडा जागेवर आणि ठिपकाही मध्यावर: हे नवख्यांना सगळ्यात बुचकळ्यात टाकणारं. संपर्क उत्तम आहे, मग चेंडू खाली का? कारण फेसचा लॉफ्ट संपर्काच्या वेळी मेलेला आहे. चेंडू खालून डावीकडे वळत असेल, तर फेस बंद होतोय. पकड पाहा, डाव्या हाताची तीन-चार बोटांची पेरं वरून दिसत असतील तर हात थोडा डावीकडे फिरवून दोनच दिसू द्या. सरळ आणि खालूनच जात असेल, तर हात चेंडूच्या फार पुढे जातायत आणि क्लब वरून खाली उतरताना लागतोय.

हा दोष मी क्रिकेटमधून आलेल्यांमध्ये पुन्हा पुन्हा पाहिलाय, आणि सोलापुरात गोल्फकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण क्रिकेटमधूनच येतो. आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं: डोकं चेंडूवर, डावा पाय पुढे, ड्राइव्ह जमिनीलगत. क्रिकेटचा ड्राइव्ह खाली राहिला तर कॅच जात नाही. गोल्फचा ड्राइव्ह त्याच सवयीने मारला तर तोही खालीच राहतो. इथे डोकं चेंडूच्या मागे हवं, फटका बसून जाईपर्यंत.

क्लब नक्की वर जाताना लागला पाहिजे का? फटके रडारने मोजणाऱ्या ट्रॅकमॅन कंपनीने प्रसिद्ध केलेल्या सरासरीत अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे पुरुष ड्रायव्हर किंचित खाली उतरताना लावतात, सुमारे उणे १ अंश, आणि एलपीजीए टूरवरच्या महिला वर जाताना, सुमारे अधिक ३ अंश. पुरुष व्यावसायिकांकडे वेग भरपूर असतो, त्यांना हे परवडतं. आपला वेग त्यांच्यापेक्षा बराच कमी, म्हणून आपण महिला व्यावसायिकांचं पाहून शिकावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एक शेवटचं कारण, ज्याचा स्विंगशी संबंध नाही: क्लबचाच लॉफ्ट कमी असणं. मी पहिला ड्रायव्हर जुन्या मालातला घेतला. विकणाऱ्याने 'प्रो लोक हेच वापरतात' असं सांगितलं. तो ९ अंशांचा निघाला. वर्षभर मी स्विंगमध्ये दोष शोधत राहिलो. १२ अंशांचा हातात आला त्याच दिवशी चेंडू मधल्या पट्ट्यात लागायला लागले. तळावर कोरलेला आकडा वाचल्याशिवाय जुना ड्रायव्हर विकत घेऊ नका. नवख्याला साडेदहाच्या खाली जाण्याचं काही कारण नाही.

दुरुस्ती, याच क्रमाने

चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या समोर ठेवा. चेंडू स्टान्सच्या, म्हणजे दोन पायांच्या, मध्याकडे सरकला की क्लब उतरतानाच लागणार, मग बाकी काहीही करा.

उभे राहिल्यावर उजवा हात सोडून मांडीवरून गुडघ्याकडे घसरवा. खांदा आपोआप खाली जातो आणि पाठ किंचित उजवीकडे कलते. एवढाच कल ठेवून हात परत पकडीवर आणा. कंबर मात्र मागे ढकलू नका, वजन दोन्ही पायांवर सारखं असू द्या.

मग टॉवेलचा सराव. टॉवेलची घडी घालून ती चेंडूच्या पुढे, जाळीच्या दिशेने, फूटभर अंतरावर ठेवा. घडी चार बोटं उंच होऊ द्या. चेंडू मारून क्लब टॉवेलवरून गेला पाहिजे. वरून खाली मारणाऱ्याचा क्लब टॉवेलमध्ये घुसतो आणि कुणी काही सांगायची गरज उरत नाही. हे आधी चेंडूशिवाय, नुसती टी ठेवून करा. टीचं टोक टिचकी मारल्यासारखं उडालं पाहिजे आणि टॉवेल जागेवर राहिलं पाहिजे. वीस वेळा जमलं, की चेंडू ठेवून अर्ध्या स्विंगने दहा, मग पाऊण स्विंगने दहा. पूर्ण ताकदीचा फटका त्या दिवशी मारूच नका.

उभं राहण्याची सवय असेल, तर मागे भिंतीला किंवा झाडाला बैठक टेकवून, क्लबशिवाय, हात छातीवर बांधून सावकाश फिरा. मागे नेताना उजवी बाजू टेकलेली, पुढे येताना डावी टेकलेली. बैठक भिंतीपासून सुटली, की कंबर चेंडूकडे सरकली. हे घरी गच्चीवर संध्याकाळीही होतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. टीची उंची, चेंडूची जागा आणि पकड एकाच सकाळी बदलली, तर चेंडू वर गेला तरी कशामुळे गेला ते कळणार नाही. सकाळी सहाला सुरू करा आणि आठच्या आत आवरा. एप्रिल-मे महिन्यात त्यानंतर पारा चाळिशीकडे निघतो, थकलेलं अंग फटक्यात उभं राहतं आणि वहीतली नोंद बिघडते.

भाच्याने आता मोडक्या टींसाठी शेंगाचटणीची एक रिकामी बरणी ठेवली आहे. दर रविवारी त्यातले तुकडे काढून तो ओरखडे पट्टीने मोजतो आणि वहीत लिहितो. गेल्या रविवारच्या ओळीत चौदा टींपैकी बारांवर खूण ८ ते १२ मिलिमीटरमध्ये होती. मोडलेल्या होत्या दहा.